४२,९४,९६,७२,९७ नव्हे, ४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येचा विभाजक शोधण्याच्या वाटा

अंकवेध (धागाकर्ता)

शीर्षकातला स्वल्पविरामांचा घोळ मुद्दाम ठेवला आहे, कारण दहा अंकी संख्या वाचताना पहिली अडचण तिथेच येते. संख्या अशी वाचायची: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ही संख्या मिळते. घात दाखवण्यासाठी मी ^ ही खूण वापरतो, म्हणजे आपली संख्या २^३२ + १ झाली. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर सुरुवातीला एक, मधे एकतीस शून्ये आणि शेवटी पुन्हा एक, इतके तिचे रूप साधे आहे.

ही संख्या प्रसिद्ध झाली ती एका चुकलेल्या अंदाजामुळे. ३ पासून सुरुवात करावी, प्रत्येक वेळी हातातल्या संख्येतून १ वजा करून उरलेल्याचा वर्ग करावा आणि पुन्हा १ मिळवावा. अशाने ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी ओळ तयार होते आणि या पाचही संख्या मूळ आहेत. पुढची पायरी म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १, अर्थात आपली संख्या. पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये पत्रातून असे मत मांडले की ही ओळ कितीही पुढे नेली तरी प्रत्येक संख्या मूळच निघेल. आपल्याकडे याची सिद्धता नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. या ओळीतल्या संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात. ३ ला शून्यावी मानून मोजतात, त्यामुळे आपली संख्या पाचवी ठरते.

१ डिसेंबर १७२९ रोजी क्रिस्टियान गोल्डबाख यांनी तरुण लिओनार्ड ऑयलर यांना पत्र लिहिले आणि ताजा कलम म्हणून विचारले की फर्मांचे हे निरीक्षण तुम्हाला ठाऊक आहे का. १७३२ मध्ये ऑयलर यांनी उत्तर दिले ते असे:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

म्हणजे पाचवी फर्मा संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. गुणाकार कोणीही कागदावर करून पाहावा. ६७,००,४१७ ची सहाशे पट ४,०२,०२,५०,२००, चाळीस पट २६,८०,१६,६८० आणि एकपट तीच संख्या. तिन्हींची बेरीज बरोबर आपल्या संख्येवर येते.

हा निकाल पुष्कळांना माहीत असतो. मला बोलायचे आहे ते ६४१ पर्यंत पोहोचायला किती भागाकार लागतात याविषयी. काहीच माहिती नसताना २, ३, ५, ७ असे मूळ संख्यांनी ओळीने भागत गेलो तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. तेव्हा ११६ व्या भागाकाराला विभाजक सापडतो. ऑयलर यांचा एक नियम हाती असेल तर पाच भागाकार पुरतात. एदुआर ल्युका यांनी १८७८ मध्ये त्या नियमाला जी धार लावली ती धरली, तर एकच भागाकार करावा लागतो. संख्या तीच आणि विभाजकही तोच असताना, तिच्या रचनेविषयीचे आपले ज्ञान वाढत गेले तसतशी वाट आखूड होत गेली. माझ्या मते या संख्येचा खरा गुण हा आहे. त्यामुळे या धाग्यात आकडेमोड करून पाहणाऱ्यांचे विशेष स्वागत आहे.

शेषबाकी

लेख वाचून लगेच दोन शंका आल्या. एक म्हणजे, संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायचे तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते ना? इथे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. मग ११६ हा आकडा कसा? दुसरी शंका अशी की ऑयलर यांचा तो नियम कोणता, आणि तो खरा का मानायचा?

अंकवेध (धागाकर्ता)

पहिली शंका रास्त आहे. संख्या मूळ निघाली असती तर ६,५४२ भागाकार केल्याशिवाय या पद्धतीने खात्री झाली नसती. ती संयुक्त आहे म्हणून आपण वाटेतच, ११६ व्या पायरीवर थांबतो. फर्मा यांच्यापुढे मात्र हे चित्र नव्हते. किती दूर जावे लागेल ते त्यांना आधी कळण्याचा मार्ग नव्हता.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सविस्तर देतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नियम असा: आपल्या संख्येला निःशेष भागणारी प्रत्येक मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असते. समजा प ही अशी मूळ संख्या आहे. प ने २^३२ + १ ला भाग जातो, म्हणून २^३२ ला प ने भागल्यावर उणे १ बाकी राहते असे म्हणता येते. दोन्हींचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १ येते. आता २, ४, ८, १६ असे २ चे घात ओळीने घेऊन बाक्या पाहत गेलो, तर १ ही बाकी पहिल्यांदा कोणत्या घाताला येईल? तो घातांक ६४ चा विभाजक असायला हवा. पण ६४ हून लहान असलेला ६४ चा प्रत्येक विभाजक ३२ लाही भागतो, आणि तसे असते तर २^३२ ची बाकी १ आली असती. ती तर उणे १ आहे. म्हणून १ ही बाकी पहिल्यांदा येते ती नेमकी ६४ व्या घाताला. फर्मांचाच छोटा सिद्धान्त सांगतो की २^(प−१) ची बाकीही १ असते. तेव्हा प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

आता ६४ च्या पटींत १ मिळवत जाऊ: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच. मी पाचही भागाकार केले. बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि शेवटी शून्य आल्या.

एका गोष्टीचे मला मनापासून आश्चर्य वाटते. १६४० मध्येच फर्मा यांनी २^३७ − १ या संख्येला २२३ ने भाग जातो हे शोधले होते आणि तिथे त्यांनी वापरलेला विचार याच जातीचा होता: विभाजक ३७ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असणार, आणि २२३ म्हणजे ३७ ची सहापट अधिक १. साधन त्यांच्या हातात होते. ऑयलर यांनी १७३२ च्या लेखात ६४१ चा नुसता उल्लेख केला. विभाजक कोणत्या रूपाचे असतात याची सिद्धता त्यांच्या १७५० मध्ये छापलेल्या निबंधात आली.

रेघोटी

मला भागाकाराची भीती वाटते, म्हणून मी दहा अंकी संख्या भागलीच नाही. बाक्यांचाच वर्ग करत गेले. २^८ म्हणजे २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. त्यातून ६४१ ची १०२ पट, म्हणजे ६५,३८२ काढले की १५४ उरतात. तर २^१६ ची बाकी १५४ झाली. १५४ चा वर्ग २३,७१६. त्यातून ६४१ ची ३६ पट, म्हणजे २३,०७६ काढले की ६४० उरतात. तेव्हा २^३२ ची बाकी ६४०, आणि १ मिळवला की ६४१, म्हणजे शून्य. संपूर्ण काम पाच अंकांच्या आत झाले आणि एका छोट्या चिठ्ठीवर मावले. अशा रीतीने इतर मूळ संख्याही तपासता येतात आणि फार वेळ लागत नाही.

जुनी वही

रेघोटी यांची रीत चांगली आहे. तिच्याही पुढे जाऊन, एकही बाकी न काढता ६४१ चा भाग जातो हे दाखवणारी एक युक्ती माझ्या वहीत आहे, ती इथे उतरवतो. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते. एक, ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १. दुसरे, ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. या दोन रूपांची सांगड घालायची.

२^३२ म्हणजे १६ × २^२८. यातल्या १६ च्या जागी ६४१ − ६२५ लिहू. मग २^३२ = ६४१ × २^२८ − ५^४ × २^२८. दुसऱ्या पदात ५^४ आणि २^२८ एकत्र केले की ते (५ × २^७) चा चौथा घात, म्हणजेच ६४० चा चौथा घात होते. म्हणून

२^३२ + १ = ६४१ × २^२८ − (६४०^४ − १).

आता ६४०^४ − १ चे अवयव शाळेतल्या सूत्राने पडतात: ६३९ × ६४१ × (६४०² + १). प्रत्येक पदात ६४१ आला, तो बाहेर काढला. आत काय उरले ते पाहण्यासारखे आहे. २^२८ म्हणजे २६,८४,३५,४५६. त्यातून ६३९ × ४,०९,६०१ म्हणजे २६,१७,३५,०३९ वजा केले की ६७,००,४१७ उरतात. मोठा अवयव आपोआप हाती येतो, भागाकाराची गरजच पडत नाही.



शेषबाकी

युक्ती सुंदर आहे. दोनदा वाचली आणि स्वतः लिहून पाहिली. परंतु ६७,००,४१७ ही मूळ आहे हे कशावरून? तिचेही आणखी तुकडे पडत असतील तर आपले काम अर्धवटच राहिले.

अंकवेध (धागाकर्ता)

इथे ल्युका यांचा नियम कामाला येतो. तो म्हणतो की आपल्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्याच नव्हे, १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. ६७,००,४१७ चा विभाजक हा आपल्या दहा अंकी संख्येचाही विभाजक असतो, म्हणून त्यालाही हीच अट लागू पडते. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ च्या जरा पुढे आहे. तिथपर्यंत १२८ च्या पटींत १ मिळवून येणाऱ्या वीस संख्या आहेत आणि त्यांतल्या मूळ पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. यांपैकी २५७ ने भाग जात नाही हे वर पाहिलेच. उरलेल्या चारांनी मी भागून पाहिले. ६४१ ने भागल्यावर ४४ उरतात, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४ आणि १,४०९ ने ६२२. एकाचाही भाग जात नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे. साधारण सत्तर लाखांच्या आसपासची संख्या मूळ आहे ही खात्री चार भागाकारांत होते.

या पडताळणीला जोडूनच सांगतो की दोन्ही अवयव त्या साच्यात चपखल बसतात: ६४१ म्हणजे १२८ ची पाचपट अधिक १, आणि ६७,००,४१७ म्हणजे १२८ ची ५२,३४७ पट अधिक १.

वर्गविलास

आतापर्यंत सगळ्यांनी भागाकाराच्या बाजूने पाहिले. मला वर्गांच्या बाजूने लिहावेसे वाटते, कारण या संख्येचे सर्वांत देखणे रूप तिथे दिसते असे माझे मत आहे.

आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे हे उघडच दिसते: ६५,५३६² + १². एखादी विषम मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत असेल, तर ती एकाच प्रकारे लिहिता येते. त्यामुळे आपल्या संख्येसाठी दुसरा प्रकार सापडला, तर ती मूळ नाही हे कोणताही विभाजक माहीत नसताना सिद्ध होते. तो दुसरा प्रकार असा आहे:

६२,२६४² + २०,४४९²

पहिला वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि दुसरा ४१,८१,६१,६०१, बेरीज ४,२९,४९,६७,२९७. (२०,४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे, ही त्यातली आणखी एक गंमत.)

दोन प्रकार मिळाले की त्यांतून अवयव काढण्याची रीतही आहे. मोठ्या संख्यांची वजाबाकी आणि बेरीज घ्यावी: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८००. तसेच लहान संख्यांची: २०,४४९ − १ = २०,४४८ आणि २०,४४९ + १ = २०,४५०. दोन वर्गबेरजा समान असल्यामुळे ३,२७२ × १,२७,८०० आणि २०,४४८ × २०,४५० हे गुणाकारही समान असतात. आता ३,२७२ आणि २०,४४८ यांचा मसावि काढला तर तो ८ येतो. ३,२७२ म्हणजे ८ × ४०९ आणि २०,४४८ म्हणजे ८ × २,५५६. उरलेल्या दोन संख्यांत १,२७,८०० म्हणजे ५० × २,५५६ आणि २०,४५० म्हणजे ५० × ४०९. अशा रीतीने ८, ५०, ४०९ आणि २,५५६ या चार संख्या हाती आल्या. पहिल्या दोहोंच्या निमपटी ४ आणि २५. मग

४² + २५² = १६ + ६२५ = ६४१
४०९² + २,५५६² = १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७.

दोन्ही अवयव समोर आले, आणि तेही स्वतः वर्गांच्या बेरजेच्या रूपात. जुनी वही यांच्या युक्तीतली ६२५ + १६ ही फोड इथे पुन्हा भेटते, तीही न बोलावता. हे पहिल्यांदा कागदावर जुळले तेव्हा मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत बसलो होतो.

द्विमान

वर फर्मांच्या छोट्या सिद्धान्ताचा उल्लेख आला म्हणून विचारतो. तो सिद्धान्त उलट बाजूने कसोटी म्हणून वापरतात: संख्या मूळ असेल तर २ चा, त्या संख्येपेक्षा १ ने लहान असलेला घात घेऊन भागल्यावर बाकी १ यायला हवी, आणि ती तशी आली नाही तर संख्या संयुक्त. मी संगणकावर आपल्या संख्येसाठी हे करून पाहिले तर बाकी १ च आली. माझ्या आज्ञावलीत चूक आहे का? आधी एकदा चूक झाली होती, कारण बत्तीस बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात ही संख्या मावतच नाही. तिथे २^३२ पुन्हा शून्य होते आणि आपली संख्या १ म्हणून साठवली जाते. चौसष्ट बिटांत घेतल्यावर ते दुरुस्त झाले, तरी बाकी मात्र १ च येते.

अंकवेध (धागाकर्ता)

आपली आज्ञावली बरोबर आहे. २^३२ ची बाकी उणे १ आणि २^६४ ची बाकी १, हे आपल्या संख्येने भागले तरी खरेच आहे. कसोटीतला घातांक आहे २^३२, आणि त्याला ६४ ने भाग जातो. म्हणून बाकी १ येण्यावाचून गत्यंतर नाही. २ हा पाया घेतला की ही संख्या मूळ असल्यासारखीच वागते. सगळ्याच फर्मा संख्या तशा वागतात. अशा संयुक्त संख्यांना छद्म मूळ संख्या म्हणतात.

आता २ च्या जागी ३ घ्या. ३^(२^३२) ला आपल्या संख्येने भागल्यावर बाकी ३,०२,९०,२६,१६० येते, १ नव्हे. संख्या संयुक्त आहे हे इथे लगेच उघडे पडते. हा घात काढायला ३ पासून सुरू करून बत्तीस वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी ठेवायची, एवढेच काम आहे. हाताने ते कष्टाचे आहे खरे, परंतु अशक्य नाही. १८७७ मध्ये पेपँ यांनी फर्मा संख्यांसाठी दोन्ही बाजूंनी चालणारी कसोटी दिली, आणि तिच्यात ३ हा पाया घेता येतो. एक वर्ग आधी थांबायचे, म्हणजे एकतिसाव्या वर्गाशी. तिथे बाकी उणे १ आली तर संख्या मूळ, न आली तर संयुक्त. आपल्या संख्येसाठी तिथे १,०३,२४,३०३ ही बाकी येते.

रेघोटी

मोठे वर्ग टाळण्यासाठी मी पुन्हा ६४१ चाच आधार घेतला. वरच्या दोन्ही बाक्यांना ६४१ ने भागले तर काय उरते ते पाहिले: १,०३,२४,३०३ मधून ३५७ आणि ३,०२,९०,२६,१६० मधून ५३१. दुसरीकडे ३ चे घात ६४१ च्या बाक्यांत मोजले. ३^८ ची बाकी १५१, ३^१६ ची ३६६, ३^३२ ची उणे १३, ३^६४ ची १६९, ३^१२८ ची ३५७ आणि ३^२५६ ची ५३१. ६४१ च्या बाबतीत घातांकातून ६४० च्या पटी काढून टाकता येतात. २^३१ मधून त्या काढल्या की १२८ उरतात आणि २^३२ मधून काढल्या की २५६. म्हणजे धागाकर्त्यांनी दिलेल्या दोन्ही बाक्या या पडताळणीला उतरल्या.

कंपासपेटी

भूमितीची बाजू कोणीच मांडली नाही, ती थोडक्यात मांडतो. पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार, ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, करून पाहा. उत्तर ४,२९,४९,६७,२९५ येते, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने लहान. धागाकर्त्यांनी वर दिलेल्या यादीत २५७ ने भागल्यावर बाकी २ का आली, त्याचे कारण हेच. यावरून असेही निघते की आपल्या संख्येचा तिच्या आधीच्या एकाही फर्मा संख्येशी सामाईक विभाजक नाही, कारण असा विभाजक २ लाही भागला असता आणि या सगळ्या संख्या तर विषम आहेत.

कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपास यांनी काढता येतो हे शोधले. १८०१ मध्ये त्यांनी मांडलेल्या नियमानुसार, वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार इतक्या बाजू असलेला सुसम बहुभुज काढता येतो. इतर विषम बाजूंचे काढता येत नाहीत याची सिद्धता वान्त्झेल यांनी १८३७ मध्ये दिली. ६५,५३७ च्या पुढे आजवर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही. त्यामुळे काढता येण्याजोग्या विषम बाजूंच्या ज्ञात बहुभुजांत सर्वांत जास्त बाजू असलेला बहुभुज ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे. आपली संख्या मूळ असती तर ही मर्यादा इथे थांबली नसती.

शेषबाकी

पुढच्या संख्यांचे काय झाले? फर्मांचा अंदाज पाचव्या संख्येपुरताच चुकला, की पुढेही?

जुनी वही

पुढेही चुकतच गेला. सहाव्या संख्येचा, म्हणजे २^६४ + १ चा, लहान अवयव २,७४,१७७ आहे. तो लाँद्री यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केला. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यांतल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचा तर एकही अवयव अजून कोणाला माहीत नाही, तरी त्या संयुक्त आहेत हे पेपँ यांच्या कसोटीने ठरले. तेहेतिसावी मूळ की संयुक्त, हा प्रश्न अजून उघडा आहे.

पाचव्या संख्येशी जोडलेली आणखी एक आठवण म्हणजे झेरा कोलबर्न या अमेरिकन बालगणकाची. १८१२ मध्ये लंडनमध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्याला ही संख्या दिली असता त्याने मनातल्या मनात ६४१ हा विभाजक सांगितला, अशी नोंद आहे.

वर्गविलास

धागाकर्त्यांना एक विनंती आहे. ऑयलर यांच्या ६४ च्या नियमाची सिद्धता आपण दिली, पण ल्युका यांचा १२८ चा नियम मात्र आम्ही नुसता मान्य करून पुढे गेलो. 'एकच भागाकार' हा आपला दावा त्यावरच उभा आहे, आणि ६७,००,४१७ मूळ असल्याची खात्रीसुद्धा. तेवढी जागा भरून काढाल का?

अंकवेध (धागाकर्ता)

आपण नेमके बोट ठेवले, आणि ते राहिलेच होते. सिद्धतेसाठी एक संख्या लागते जिचा वर्ग, आपल्या संख्येने भागल्यावर, २ ही बाकी देतो. ती संख्या हुडकावी लागत नाही, बांधता येते: २५६ × ६५,५३५, म्हणजे १,६७,७६,९६०. तिचा वर्ग म्हणजे २^१६ × (२^१६ − १)². कंसाचा वर्ग उलगडला की २^३२ + १ − २^१७ मिळते. यातला २^३२ + १ ही आपलीच संख्या, तिची बाकी शून्य; उरते ते उणे २^१७. त्याला २^१६ ने गुणले की उणे २^३३, म्हणजे उणे २ × २^३२. आणि २^३२ ची बाकी उणे १ असल्यामुळे शेवटी अधिक २ उरतात.

आता प हा आपल्या संख्येचा मूळ विभाजक घेऊ आणि १,६७,७६,९६० चे घात करून प ने भागल्यावर काय उरते ते पाहू. वर्गाची बाकी २ आहे, म्हणून ६४ व्या घाताची बाकी २^३२ इतकी, म्हणजे उणे १, आणि १२८ व्या घाताची १. मागच्या वेळेसारखाच विचार केला, की १ ही बाकी पहिल्यांदा नेमकी १२८ व्या घाताला येते आणि प−१ ला १२८ ने भाग गेलाच पाहिजे असे ठरते.

त्या नियमाने १२८ च्या पटींत १ मिळवत गेलो तर १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशी ओळ येते. १२९ ला ३ ने भाग जातो, ३८५ ला ५ ने आणि ५१३ ला ३ ने, म्हणून त्या गळतात. २५७ ही तिसरी फर्मा संख्या, तिची बाकी २ येणार हे कंपासपेटी यांनी न भागताच दाखवले. भागून पाहण्यासाठी पहिली उरते ती ६४१.

ज्यांना बाक्यांच्या भाषेपेक्षा उघड गुणाकार आवडतो त्यांच्यासाठी वरचीच गोष्ट एका ओळीत लिहितो. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे करून जुळवून पाहता येतील:

१,६७,७६,९६०² − २ = ६५,५३४ × ४,२९,४९,६७,२९७